वसतिगृहाची दिवाळी

पाथर्डी, ता. १२ जून २०२५

ती. नानांस,
तहसीनचा सलाम. वि. वि.

तुम्ही मोबाईल उचलत नाही, पण पत्राला त्याच दिवशी उत्तर देता, म्हणून हे पत्र. माझ्याबरोबर बारावी झालेली राजेश्वरी आठवतेच. ईदला शीरखुर्म्याची तिसरी वाटी मागणारी! मी तुमच्याकडे राहून तुमच्या कॉलेजात शिकणार, तसे तिलाही शिकायचे आहे. मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजात तिला घेतील का? काय काय शिकवतात? आणि मुलींचे वसतिगृह दिवाळीत उघडे असते का? त्याच सुमारास तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, घराला कुलूप लागते. पोरीला एकटीला कुठे ठेवू, त्यापेक्षा उसाच्या फडात नेतो, असे तिचे वडील मच्छिंद्रकाका म्हणतात.

नानींना सलाम. लोभ आहेच, तो पत्राइतकाच लांब असावा.
तहसीन

अहिल्यानगर, ता. १६ जून

चि. तहसीन हिस अनेक दुआ.

प्रश्न उत्तम आहेत, क्रमाने सांगतो. अल्पसंख्याक म्हणजे संस्था चालवण्याचा हक्क एका समाजाचा. काही जागा त्या समाजासाठी राखीव, उरलेल्या सर्वांना खुल्या. माझ्या इतिहासाच्या वर्गात शरच्चंद्र आणि मुनव्वर एकाच बाकावर बसत आणि परीक्षेत हुबेहूब एकसारख्या चुका करत.

आता कॉलेजचे मूळ. बागवानांच्या फळवखारीच्या माडीवर संध्याकाळी उर्दू शाळेतल्या मुलांचा वर्ग भरे. आंब्याच्या हंगामात कोणाचेही लक्ष गणितात नसे! त्यातून कला शाखा उभी राहिली, मग वाणिज्य, पुढे विज्ञान. परगावच्या मुलांसाठी तेव्हा वसतिगृह नव्हते. मोहल्ल्यातले एकेक घर एकेक मूल नेई, आणि त्या मुलाचे सणवार त्या घराचे होत. आज सूक्ष्मजीवशास्त्र आहे, संगणकशास्त्र आहे, औषधनिर्माणाची पदविका आहे. उर्दू, मराठी आणि इंग्रजीचे वर्ग शेजारी शेजारी भरतात. असे हे रोप किती फांद्यांनी वाढले, पाहा!

दुआ आहेतच, त्या उणावणार नाहीत.
तुझे नाना

पाथर्डी, ता. २१ जून

ती. नानांस सलाम. वि. वि.

आंब्यांचा वास पाथर्डीपर्यंत आला. राजेश्वरीने सूक्ष्मजीवशास्त्र निवडलेसुद्धा. पण नाना, एवढ्या इतिहासात दिवाळीचे उत्तर राहूनच गेले! मच्छिंद्रकाकांनी सगळे पत्र ऐकले आणि म्हणाले की कॉलेज लई झ्याक हाय, पन दिवाळीत पोरगी कुठं ऱ्हानार? येत्या आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या ठरवणारा मुकादम येईल. फडात किती माणसे येणार ते त्याला तेव्हाच सांगायचे आहे. एकदा सांगितले की राजेश्वरी गेलीच समजा.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
तहसीन

अहिल्यानगर, ता. २४ जून

चि. तहसीन हिस अनेक दुआ.

पत्र वाचताच वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंकडे गेलो. दिवाळीत वसतिगृह बंद असते. नियमाला फट नाही. खिन्न होऊन परतलो आणि तुझ्या नानींना सारे सांगितले. त्यांनी विचारले की जन्मभर जो इतिहास शिकवलात, तो स्वतः कधी ऐकलात का? वसतिगृह बंद असेल, मोहल्ल्यातली घरे कुठे बंद आहेत? तहसीनच्या खाटेशेजारी दुसरी खाट मावते.

मोबाईल मी उचलत नाही, त्या उचलतात. त्यांनी थेट मच्छिंद्ररावांना फोन लावला. ते संकोचत एवढेच म्हणाले की पोरीला आकाशकंदिलाची लई हौस हाय, तुमच्या दारात चालंल का? नानी म्हणाल्या की खुशाल लावू द्या. फक्त खिळा तिनेच ठोकावा, आमच्या घरी इतिहासाखेरीज कोणाला काही ठोकता येत नाही.

मुकादमाला आता मच्छिंद्रराव दोघेच येतो असे सांगणार आहेत. तेव्हा दोघी या, आणि येताना हातोडी आणा.

तुम्हा दोघींचे नाना