निळी बोटं

आई,

तुझ्या डॉक्टरांनी तुला विचारला होता तोच प्रश्न आज माझ्या डॉक्टरांनी मला विचारला. "मैडम, इधर कोई नया शौक तो नहीं लगा?" हवापाण्याचं विचारावं तितक्या सहज. मी उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हणाले, "नहीं." शेजारी तुझी नात बसली होती, दादाची मुलगी. नोकरीमुळे ती आता माझ्याकडेच राहते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. तिथे ती काही बोलली नाही. त्या वेळी तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी होते, आणि मी बोलले होते.

कंपवात माझ्याही हातात उतरला. आधी अक्षर बारीक होत गेलं, मग ब्लाउजची बटणं लागेनात. गोळी तुझीच नाही, पण त्याच घराण्यातली. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा ती आत जाऊन काय करते ते मला कुणी समजावायला नको. मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, ते कमी पडलं की हातपाय अडतात, म्हणून त्याची जागा घेणारं काहीतरी बाहेरून द्यायचं. पण बाहेरून दिलेलं हात आणि मन वेगळं करून पाहत नाही. हाताला हलवतं, तसं मनालाही ढकलतं. दारू, गांजा, त्याहून वाईट पदार्थ, सगळे शेवटी हेच दार ठोठावतात. तुझी नात मोबाइलवर रील बघत हसते आणि मला सांगते, "आत्या, ये सब डोपामाइन है, यार." हा शब्द हल्ली भाजीच्या गाडीवरही मिळेल. सगळे त्याला आनंदाचं रसायन म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. ते आवडण्याचं कमी आणि हवंसं वाटण्याचं जास्त आहे, आणि या दोहोंत केवढा फरक आहे ते मी तुझ्याकडे बघून शिकले.

उत्तरेतल्या या शहरात, महानगर नावाच्या वस्तीतलं आपलं घर. बाबांची बँकेतली नोकरी संपली तरी तुम्ही साताऱ्याला परत गेला नाहीत. तू रोज सकाळी उंबऱ्याशी चार रेघांची रांगोळी काढायचीस, ती कंपवाताने बंद पडली. मग नवी गोळी सुरू झाली आणि एका सकाळी मी तुला भेटायला आले, तर तू अंगणात उकिडवी बसलेली, संगमरवर कापणाऱ्याकडून आणवलेली पांढरी भुकटी चिमटीत, आणि रेघ अशी सरळ की मला रडू आलं. महिनाभरात रांगोळी फाटकाबाहेर गेली. मग समोरच्या भाभींच्या दारापर्यंत. इथे रांगोळी म्हणजे दिवाळीला, म्हणून त्या रोज विचारायच्या, "आज क्या है, भाभीजी?" आणि तू मान वर न करता सांगायचीस, "आज कुछ नहीं, आज मंगलवार है." गल्ली हसायची, तूही हसायचीस. तुला इतकं हसताना मी लहानपणीही पाहिलं नव्हतं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी तुझ्यावर लक्ष ठेवू लागले. जेवण निवून जायचं, तुझे ठिपके संपायचे नाहीत. गुडघे सोलले होते. एक स्कूटरवाला तुला चुकवताना भिंतीला घासला, तर तू त्यालाच ओरडलीस, "अरे भैया, कमल पर से मत जाओ!" म्हणून डॉक्टरांनी विचारलं आणि तू म्हणालीस, "शौक कैसा, घर का काम है," तेव्हा मी सगळं सांगितलं. गोळी कमी झाली. रांगोळी फाटकाच्या आत आली, मग उंबऱ्याशी, मग नाहीच. एकदा स्वयंपाकघरात तू भुकटीचा डबा पुढ्यात घेऊन बसली होतीस. मी म्हणाले, "काढ ना थोडी, हात चांगला आहे आज."

"हात आहे गं. आतून कुणी हाक मारत नाही."

मग, माझ्याकडे न बघता, "आनंद झाला की आधी त्याची पावती मागायची, हे तुमच्या कॉलेजात शिकवतात का?"

मी डबा उचलून फळीवर ठेवला. मी केलं ते बरोबरच होतं. तू गेलीस तोवर तुझी हाडं शाबूत राहिली. पुन्हा वेळ आली तरी मी तेच सांगेन.

आता माझं ऐक. दिवाळीनंतर एकदा चौकातल्या जुन्या बाजारात गेले होते, चिकनकारीच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या भरतकामाच्या गल्लीत. एका खोलीत चिकनकारीच्या कापडावर नक्षी छापत होते. लाकडी ठसा निळीत बुडवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने ठोकायचा. त्या निळ्या रेघांवर पुढे बायका टाके घालतात, आणि कापड धुतलं की निळं निघून जातं. मी दारात उभी राहिले ती राहिलेच. छापणारा थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "बाजी, बैठ जाइए, खड़े-खड़े थक जाएँगी." येताना मी कोयरीचा एक जुना ठसा विकत घेतला. आता घरात ठशांचं एक खोकं आहे, आणि मी पांढऱ्या चादरी छापत बसते. माझा हात, ज्याला बटण लागत नाही, तो कोयरीला कोयरी अशी लावतो की मधे सुई जाणार नाही. टाके मी घालत नाही. धुतलं की सगळं जाणार, हे मला माहीत आहे.

मी स्वतःवरही लक्ष ठेवते. पहिल्या कोयरीला विचारते, तू मला आवडतेस की फक्त हवी आहेस? पहिल्या दहा-बाराला उत्तर देता येतं. पुढे मी विचारतच नाही. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला, वास घरभर पसरला, आणि मी त्याच घरात चादरीवर वाकलेली होते. तुझ्या नातीने कामावरून येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. आणि माझी निळी बोटं बघून घेतली.

आज दवाखान्यातून येताना रिक्षात ती म्हणाली, "आत्या, आपने झूठ क्यों बोला?"

"खोटं कुठे? तो काय शौक आहे?" मी म्हणाले, आणि मला तुझाच आवाज ऐकू आला.

"ठीक है. इस बार नहीं बोली. अगली बार मैं बोल दूँगी. गुस्सा होना है तो अभी हो लीजिए."

माझ्यापेक्षा बरी आहे. आधी सांगते तरी. मी तिला म्हटलं, तुला बोलावं लागणार नाही. हाती घेतलेली ही एक चादर पुरी होऊ दे, मग मीच डॉक्टरांना फोन करते. तिने मान डोलावली. पोरीचा अजून माझ्या शब्दावर विश्वास आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. ती चादर गेल्या आठवड्यातच पुरी झाली. कपाटात घडी करून ठेवली आहे. पलंगावर पसरली आहे ती तिसरी.