सूर्यभानच्या कॉम्प्युटरची कॅसेट

सूर्यभान,

१९८८ साली मोर्शीच्या आपल्या संत्र्याच्या बागेत बाबांनी आईचं खंजिरी भजन टेप केलं होतं, तीच ही कॅसेट. टीव्हीला जोडायचा तुझा जुना कॉम्प्युटर प्रोग्राम कॅसेटवर साठवतो आणि कोरी कॅसेट आता अमरावतीत मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी काल भजन लावलं आणि त्यावर तू भरलेल्या प्रोग्रामची नुसती किरकिर ऐकू आली, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आईले दुसऱ्यांदा मारलं तू!" आज सकाळी तू जमवलेले सगळे जुने कॉम्प्युटर पोत्यात भरलेस आणि भंगारवाल्याला आणायला गेलास.

तू गेल्यावर मी ती किरकिर शेवटपर्यंत ऐकली. तुझा प्रोग्राम छोटा निघाला रे. किरकिर थांबली आणि आई बोलली, "पुरे करा आता, मले लाज वाटते. मैने, सूर्या आला काय पाह्य, त्याले चहा ठेव." मागे बाबा हसत होते.

भंगारवाल्याला परत पाठव. प्रोग्राम पुसू नकोस, कॅसेटवर आता काहीच भरू नकोस. नणंद आजारी आहे म्हणून मोझरीला निघाले, एसटीची वेळ झाली. नाहीतर थांबले असते.

आई-बाबा गेले. बाग वाळली, ती तू विकलीस आणि हे कॉम्प्युटर जमवू लागलास. मी एकदाही तुझ्याजवळ बसून ते पाहिले नाहीत. आता तू आणि मी, दोघंच उरलो.

मैनाताई