बाहेरून पुसलेली काच

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत ठीक आहे, शिवणयंत्रही चालू आहे. परवाच एका गिऱ्हाइकाची पँट एका पायात तोकडी शिवली, पण त्या भल्या माणसाने ती तशीच नेली.

इथे एक भलताच प्रकार चालला आहे. तू हसणार, म्हणून आधीच सांगतो, हसू नकोस. माझ्या खिडकीची काच कोणीतरी बाहेरून पुसून जातं. यंत्र जिच्यापाशी आहे, ती रस्त्याकडची खिडकी. सकाळी फिरून येतो, तर काच बाहेरून लख्ख आणि आतून माझ्या बोटांचे ठसे जसेच्या तसे. आधी वाटलं, खिडक्या पुसणारा कोणी घर चुकला. मग वाटलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना माझी कीव आली. आडून आडून विचारलं, तर म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या खिडक्या त्यांच्या लग्नानंतर कोणी पुसलेल्या नाहीत.

बाहेरची बाजू अशी चकचकीत, की मला आतल्या बाजूची लाज वाटायला लागली. म्हणून अंगाच्या साबणाने आतून पुसली. आता काचेवर तेलकट ढग आले आहेत आणि सुईत दोरा ओवताना माझी फजिती होते. ही होती तेव्हा घरात आंबट वासाची एक बाटली असायची. तिच्यात ती काय घालायची, ते मी कधी विचारलंच नाही. तुला ठाऊक असेल तर कळव.

तू माझ्या लेकीबद्दल विचारलं आहेस. बाबीचं काय सांगू? तिची आई गेल्यावर ती मला म्हणाली, माझ्याकडे राहायला चला. मी म्हणालो, मी काय सामान आहे उचलून न्यायला? शब्दाने शब्द वाढला. तुम्ही बोलावल्याशिवाय हा उंबरा ओलांडणार नाही, असं ती म्हणाली. मी बोलावणार नाही, असं मी म्हणालो. दोन वर्षं झाली, दोघंही शब्दाला जागतो आहोत. तो विषय पुरे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ

१५ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले. नको म्हणालास म्हणून जरा जास्तच हसले. अंगाच्या साबणाने काच पुसणारा माणूस आमच्या घराण्यात निपजला, हे आईला कळलं नाही ते बरं झालं.

आता नीट वाच. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घ्यायचं, त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर घालायचं आणि बाटली दर वेळी खळखळून हलवायची. नाही हलवली तर पीठ तळाशी बसतं आणि काचेवर पांढुरकी झाक उरते. फडक्याने पुसून वर रद्दीचा कागद फिरवायचा. उन्हात पुसायचं नाही, वाळून डाग पडतात. आणि तुझ्या बायकोची खरी युक्ती पुढेच आहे. आतून आडवे हात मारायचे, बाहेरून उभे. मग रेघ राहिली की ती कुठल्या बाजूची, ते लगेच कळतं. नाहीतर माणूस दिवसभर आतबाहेर करत बसतो.

कोण पुसतं ते मलाही कळेना. पण फुकट काम करणाऱ्याची चौकशी करायची नसते. बाबीचा विषय तुझा पुरला असेल, माझा पुरलेला नाही.

माया आहे, म्हणूनच बोलते.
तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाटली केली. आतून आडवे हात मारले आणि ढग गेले. मग सहज बाहेरच्या बाजूच्या रेघा पाहिल्या आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. त्या उभ्या आहेत, ताई. आणि काचेच्या कोपऱ्यांत पांढुरकी झाक आहे, पीठ जास्त पडल्याची.

ही पद्धत या घरात तिघांनाच माहीत. एक कायमची गेली. दुसरी बाबी. ती माझ्यासारखीच शब्दाची पक्की, तिचा पाय इकडे वळायचा नाही. उरलो मी. बाटलीत काय घालायचं ते मलाही माहीत असणार आणि तेही मी विसरलो असणार. म्हणजे काच मीच पुसतो आणि विसरून जातो. ती तोकडी पँट आठवते ना? परवा गॅसवर चहा ठेवून मी रस्त्यावर गेलो होतो. डोकं चालेनासं झालं की काय, या विचाराने रात्री दोनदा उठून गॅस बघून येतो.

खूप विचार केला. यंत्र विकतो, घराला कुलूप लावतो आणि पुढच्या महिनाअखेर तुझ्याकडे येतो. परक्यांदेखत वेडेचाळे करण्यापेक्षा तुझ्या शिव्या खाल्लेल्या बऱ्या. बाबीला मात्र यातलं काही कळवू नकोस. तिला वाटेल, जिंकली.

मला एक कोपरा मोकळा ठेव.
तुझा भाऊ

३१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगते. हो, मीच पुसते.

सोमवारी कामावर जाताना वळसा घालून त्या रस्त्याने जाते. बाबा फिरायला गेलेले असतात. पहिल्यांदा नुसतं बघायला थांबले, तर काच इतकी मळलेली की आतलं काही दिसेना. फडकं नव्हतं, रुमालानेच एक गोल पुसला. मग पुढच्या वेळी बाटली घेऊन गेले. बाटलीत पीठ माझ्या हातून नेहमी जास्तच पडतं, आईसुद्धा ओरडायची. काच स्वच्छ झाली की सगळं दिसतं. कप विसळलेला आहे का, औषधाची पट्टी रिकामी होते आहे का, स्वेटर तोच आहे का. तेवढं बघून माझा आठवडा जातो. उंबरा मी ओलांडलेला नाही, आत्या. खिडकी रस्त्यावर आहे.

पण त्यांना आपलं डोकं फिरलं असं वाटतं आहे, हे तुझ्या पत्रात वाचून रडूच आलं. आता काय करू? पुसणं थांबवलं तर त्यांना वाटेल, तेही विसरलो. सांगितलं तर पडदा ओढून घेतील, तू त्यांना ओळखतेस. तू मात्र त्यांना माझं नाव सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.

राग धरू नकोस, धरलास तरी थोडाच धर.
तुझी बाबी

४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद. आज मोजकेच.

यंत्र विकायचं नाही. माझ्याकडे कोपरा नाही, आणि असता तरी दिला नसता. तुझं डोकं ठिकाणावर आहे. जेवढं आधी होतं, तेवढंच आहे.

येत्या सोमवारी फिरायला जाऊ नकोस. यंत्रापाशी बसून राहा. का ते विचारू नकोस, मी शपथेत अडकले आहे. तुम्हा लोकांच्या शपथा वाहता वाहता मी म्हातारी झाले.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी बसलो. पायांत बूट तसेच होते. काचेवर बाहेरून पाणी उडालं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं की ही आली. मग फडक्याचा एक उभा हात फिरला आणि त्या पट्टीत बाबीचा डोळा दिसला. दुसरा हात फिरला तेव्हा अख्खं तोंड. किती वाळली आहे.

ती पळाली नाही. मीही उठलो नाही. शेवटी तिने एका डागाकडे बोट केलं, म्हणजे हा तुमच्या बाजूचा. मी मान हलवली, म्हणजे तुझ्या बाजूचा. दोघांनी पुसला. माझ्याच बाजूचा निघाला.

ये म्हणायला तोंड उघडलं, पण दिलेला शब्द आडवा आला. मग मी यंत्र बाजूला सरकवलं आणि खिडकी उघडली. तिने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. आधी बाटली आत दिली, मग पिशवी, मग एक पाय. दुसरा पाय अडकला, तेव्हा मी तिला धरून आत ओढलं. मास्तर बाहेरच्या जिन्यात उभे राहून हे सगळं बघत होते आणि चोर चोर म्हणून ओरडावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. चाळिशीची बाई, ताई, खिडकीतून बापाच्या घरात आली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो.

तर आता तूच सांग. मी तिला बोलावलेलं नाही आणि तिने उंबरा ओलांडलेला नाही. मग आमच्यात हरलं कोण? मी तेव्हापासून विचार करतो आहे, काही उलगडत नाही. जाताना ती दारातून गेली. बाहेर पडायला बोलावणं लागत नाही, असं म्हणाली.

खिडकी जमिनीपासून बरीच उंच आहे आणि तिचे गुडघे दुखतात. म्हणून आज मी खिडकीखाली बाहेरच्या बाजूला एक स्टूल नेऊन ठेवलं आहे.

माया असू दे, आम्हा दोघांवर.
तुझा भाऊ