मळ की दगड

२० जानेवारी, मंगळवार

निघाला तो मळ होता की दगड? सकाळपासून हेच डोक्यात आहे आणि मला उत्तर येत नाही.

झालं असं. महाशिवरात्रीआधी महादेवाच्या मंदिराचं पटांगण आपल्या पंपानं धुऊन देतो, असं अण्णांनी कमिटीला कबूल केलंय. अण्णांच्या वॉशिंग सेंटरवर आजवर गाड्याच धुतल्या, फरशी कधी नाही. म्हणून आधी आमच्याच ओट्यावर करून बघत होते. ट्रॅक्टरचा चिखल काढतात तशी पंपाची गन अगदी जवळ धरली. शहाबादी फरशीवर पांढरी रेघ उठली.

अण्णा खूश. "बघ, कशी नव्यावानी निघाली."

मी बोट फिरवलं. आजूबाजूला गुळगुळीत, रेघेत खरखरीत. स्वच्छ झालेली वस्तू खरखरीत का लागावी?

आई दारातून म्हणाली, "तीन वर्षं लातूरला शिकून आली, आता बापासंगं फरशीवर बोटं फिरवायलीय."

२२ जानेवारी, गुरुवार

आज मागच्या परसात फुटक्या फरशीच्या तुकड्यांवर प्रयोग. अण्णा गन धरायला, मी बघायला.

पंख्यासारखा पसरट फवारा देणारं नोजल लावून हातभर लांबून मारलं — काळं पाणी निघालं, फरशी गुळगुळीतच राहिली. मग बारीक धारेचं नोजल लावून वीतभर अंतरावरून — पाणी दुधासारखं! दोन्ही पाणी वेगवेगळ्या बादल्यांत धरलं, निवळू दिलं. खाली बसलेल्या गाळावर संडास धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकले. पांढरा गाळ जोरात फसफसला. म्हणजे त्यात चुन्याचा दगड आहे. काळा गाळही थोडा फसफसला. आपल्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे असेल. तेव्हा पुरावा पक्का नाही. आमच्या सरांनी अर्धे मार्क कापले असते.

पण बोटांना जे लागलं ते लागलंच. लांबून मळ जातो, जवळून दगडही जातो.

गंमत म्हणजे शहाबादी फरशी चुनखडीची असते हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्याच फरशीवर बसून रोज जेवते. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे आज कळलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

काम संपलं की अण्णा त्याच पंपाच्या धारेनं पायाचा चिखल धुतात. मी ओरडले. "पाणीच हाय की, पाणी काय चावतंय?" म्हणाले.

स्वयंपाकघरातून एक वांगं आणलं, विटांत घट्ट बसवलं आणि त्यावर धार धरायला लावली. वांग्याला आरपार भोक.

अण्णा बराच वेळ वांग्याकडे बघत होते. मग पायाकडे. आई म्हणाली, "आता भाजी कशाची करू? भोकाची?"

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाहून आले तर अण्णांनी पंपाच्या मोटारीचा विजेचा बोर्ड ओल्यातून काढून भिंतीवर उंच ठोकलेला. अर्थिंगची तारही नवी. मी काही सुचवलं नव्हतं. हा वांग्याचा परिणाम.

२ फेब्रुवारी, सोमवार

पटांगण बघायला मंदिरात गेले. इतकी वर्षं या फरशीवरून चालले, पण खाली मान घालून नीट आजच बघितली. आमच्या देवणीत पद्धतच आहे — मंदिराला फरशी द्यायची आणि तिच्यावर नाव कोरायचं, म्हणजे देवाला येणाऱ्यांच्या पायाची धूळ नावाला लागते. पायरीजवळची एक माझ्या नावाची. 'कु. तनुजा शेषेराव, बी.एस्सी.' निकाल लागला त्याच महिन्यात अण्णांनी लातूरहून मशीनवर कोरून आणली, अक्षरांत काळा रंग भरून. मी तेव्हा लाजेनं मेले होते. "लोक माझ्या नावावर पाय देऊन जाणार का?" तर म्हणाले, "देऊ दे की. आपल्या घरात नावाफुडं काही लागलेली तूच पहिली हायस." अजून येता-जाता खांद्यावरच्या दस्तीनं ती पुसतात.

जुन्या फरश्यांवर मात्र हातानं छिन्नीनं कोरलेली नावं आहेत. उथळ. काही तर तिरपं ऊन असेल तेव्हाच दिसतात.

नंदीजवळ बसम्मा बसल्या होत्या. दर सोमवारी येतात. फरशीवर बोट फिरवत मला विचारलं, "हितं 'र' हाय न्हवं?"

"हो, 'र'च आहे."

"मला वाचाय येत न्हाई. बोटानं वळखते."

'रत्नम्मा' लिहिलंय. त्यांची मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. तिचा फोटो काढायचा राहून गेला. तिचं म्हणून एवढंच आहे.

"तुमची मिशीन येणार म्हनं. जरा जपून, बाळा," म्हणाल्या.

मी शब्द दिला. पसरट फवारा, हातभर अंतर, तर तेवढ्यानं काही होणार नाही. असं मला वाटतं. पण नक्की माहीत आहे का? घरी येऊन एका तुकड्यावर खिळ्यानं 'र' कोरला, लांबून वीस वेळा धुतला. 'र' शाबूत. आता झोप लागेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल आणि आज पटांगण धुतलं. पहिला दिवस अण्णांनी, आज बराच भाग मी. पायात गमबूट, डोळ्यांवर चष्मा. भाविकांना दोरी बांधून लांब ठेवलं. धार फरशीवर उभी न मारता तिरपी मारायची आणि एका जागी थांबायचं नाही. सांध्यांवर तर रेंगाळायचंच नाही, नाहीतर सिमेंट उकरून निघतं. नावांच्या फरश्यांवर पंप मारलाच नाही, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. किती वेगवेगळे रंग निघाले खालून! राखाडी, निळसर, एक तर चक्क जांभळट.

संध्याकाळी कमिटीचे मल्लिनाथ अप्पा आले. पिवळे डाग राहिलेत म्हणाले. राहिलेत, खरं आहे. ते दगडात मुरलेले आहेत. अप्पांनी बरोबर ॲसिडचे कॅन आणले होते. कोपऱ्यात थोडं ओतून दाखवलं. पांढरा फेस.

"बघ. मळ कसा उकळून निघायलाय."

"अप्पा, तो मळ नाही. दगड विरघळतोय."

"पोरी, माझं घर मी आसंच धुतो. फेस आला म्हंजी मळ सुटला."

"म्हणूनच तुमच्या घरची फरशी खडबडीत झाली असेल."

हे बोलायला नको होतं. बाकीचे हसले, अप्पांचे कान लाल झाले. अण्णा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "फेस तर लई येतोय की, तनू." अण्णासुद्धा!

सोमवारी सगळं पटांगण ॲसिडनं धुवायचं ठरलं. नावांसकट.

८ फेब्रुवारी, रविवार

अप्पांच्या घरी जाऊन आधी माफी मागितली. मग घरून नेलेला फुटका तुकडा दाखवला. अर्ध्यावर ॲसिड टाकलेलं, अर्धा तसाच. त्यांनी दोन्हीकडे बोट फिरवलं, चहा दिला. रागावलेले नव्हते.

"तुकड्याचं काय सांगती? फुटकाच दगड त्यो. नाव कोरलेली चांगली फरशी आशी जळालेली दाखव, तर मानतो. उद्या कमिटीबी आसंल, सगळ्यांदेखत दाखव."

त्यांचं चूक नाही. पुरावा मीच अर्धा दिला होता. पण नाव कोरलेली फरशी मागू कुणाला? प्रत्येक नावामागे कुणीतरी आहे.

बसम्मांना अजून काही सांगितलेलं नाही. उद्या सोमवार, त्या येणारच.

९ फेब्रुवारी, सोमवार

कमिटीला, अप्पांना, बसम्मांना लांब उभं केलं आणि पायरीजवळच्या माझ्या फरशीवर ॲसिड ओतलं. फेस बसल्यावर पसरट फवाऱ्यानं, हातभर लांबूनच धुतलं. अक्षरांतला काळा रंग गेला, कडा विरल्या. 'बी.एस्सी.' आता वाचता येत नाही.

अप्पांनी येऊन बोट फिरवलं आणि कॅनला बूच लावलं.

अण्णा गुडघ्यावर बसले, दस्तीनं फरशी पुसली, नेहमीसारखी. म्हणाले, "मळ न्हवता. दगडच व्हता."