धरणाचा पांढरा रंग

स्कारदाल, ६ मे १९८६

प्रिय स्युर,

तू बरा असशील. इथे थंडी यंदा हटता हटेना. तळ्यावरचा बर्फ आत्ता कुठे फुटला. मेंढ्या व्यायल्या. तुझ्या आवडीचं तपकिरी चीज करून ठेवलंय, खायला कोणी नाही.

धरणाचं लिहायचं टाळत होते, पण दुसरं काही सुचतच नाही. राष्ट्रदिनाआधी घरांसोबत धरणाची भिंतही पांढरी करायची, ही आपल्या गावाची हौस. बाबा त्यात सगळ्यांत पुढे. तू इंजिनिअर होऊन आलास आणि म्हणालास, तळ्याचं पाणी भिंतीत झिरपतं, हा जाड रंग ते बाहेर पडू देत नाही, मग ते आतच गोठून काँक्रीट फोडतं. बाबांनी चारचौघांत तुझी टर उडवली. तू गेलास तो गेलासच.

परवा बाबा नेहमीसारखे दोराने उतरून हातोडीने भिंत ठोकून बघत होते. दोर मी धरला होता. आवाज पोकळ येत होता, मला वरूनही कळत होतं. मी वर या म्हटलं, तर म्हणाले, "रंग बघ की. एक ओरखडा नाही."

तेवढ्यात रंगासकट भिंतीचा थर सुटला आणि त्यांच्या अंगावर आला.

दोर सैल सोडत मी त्यांना खाली टेकवलं. मी खाली पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. हातातला तुकडा दाबत होते, तो भुसभुशीत होऊन बोटांतून गळत होता. म्हणाले, "स्युरला सांग, आतून ओली होती."

गाडी येईपर्यंत बाबा गेले.

शनिवारी दफन. त्यांच्या मानासाठी गाव त्याआधी भिंत रंगवणार आहे. मी बाबांचे शब्द सांगितले, तर शेजारची ओस्लौग म्हणाली, "मरताना माणूस काहीही बोलतं गं. त्यांना पांढरी आवडायची." त्याच भिंतीखालून पोरं शाळेत जातात, स्युर. मला फार भीती वाटते.

दफनाआधी ये. छिन्न्या घेऊन ये. सडलेलं सगळं काढू, घट्ट लागेपर्यंत. थंडीत टिकणारं काँक्रीट भरू, तू म्हणायचास तसं. वर काही फासायचं नाही.

रंगाचे डबे मी कोठीत कोंडलेत. गाव माझ्याशी बोलत नाही.

किल्ली घेऊन बसलेली,
तुझी ताई
गुनवोर