पूर्वेकडची खिडकी

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! टेम्पोवाल्याने वळणावळणाला माझ्या शिवणयंत्राच्या नावाने खडे फोडले, पण यंत्र आणि मी, दोघंही धड आहोत. घर फोटोत दिसलं होतं त्याहून छान निघालं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलंय. सगळं लाकडी. एक मोठी खोली, एक लहान, मधोमध लोखंडी चूल आणि तिचं धुराडं थेट छपरातून वर. चारी बाजूंना झाडं आणि झाडांमधून दिसणारी दहा-बारा घरं. आणि पूर्वेला ती भिंतभर खिडकी. तिच्यासाठीच तर हे घर घेतलं. डॉक्टरांनी ह्यांना स्पष्टच सांगितलं होतं, स्वच्छ हवा आणि सकाळचं ऊन, बाकी औषधं आता नावापुरती. ह्यांच्या छातीतली शिट्टी ऐकत मी किती रात्री बसून काढल्यात, ते माझं मला ठाऊक. हे पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी येतील. तोवर पलंग खिडकीखाली सरकवायचा आणि पडदे शिवायचे. पडद्याचा दांडा मीच ठोकणार. ह्यांनी ठोकलेला खिळा आजवर सरळ बसलेला नाही, मागाहून मलाच सरळ करावा लागतो.

दुपारी वसाहतीच्या अध्यक्षीणबाई आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, काखेत एक ओंडका. त्यांच्या मागून शेजारचे गृहस्थ आले, तेही ओंडका घेऊन. ते मधमाश्या पाळतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव मधवाले ठेवलं. नवं घर गार पडू द्यायचं नाही, प्रत्येकाने लाकूड आणायचं, ही इथली रीत म्हणे. मला अगदी भरून आलं. शहरातल्या शेजारणीने कधी विरजणसुद्धा दिलं नव्हतं. जाताना बाईंनी विचारलं, तुम्हा दोघांपैकी घरात कोण राहणार? मी हसून सांगितलं, घरात मीच. ह्यांचा पाय घरात ठरतो कुठे, कुणी हाक मारली की निघाले त्याच्याबरोबर. नाही म्हणणं ह्यांना जमतच नाही. बाईंनी समाधानाने मान डोलावली. आल्या आल्या ठरलं ते बरं झालं, असं मधवाले म्हणाले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दिवसभर लाकडं येतायत. मंडळी भिंतीला लागून चळत रचतात, आणि काय रचतात! ओंडक्याला ओंडका असा भिडवलेला, की सुई जायची नाही. टीप अशी घालणारी एक मुलगी मला माझ्या शिलाईच्या दुकानात मिळाली असती तर मी तिला डोक्यावर घेतलं असतं.

फोन फक्त रस्त्याच्या वळणावर लागतो. तिथे जाऊन ह्यांना स्वेटर आठवणीने भरायला सांगितलं. त्यावर हे म्हणतात, माणसं चांगली दिसतात, तू उगाच कुणाशी वाकडं घेऊ नकोस. मी कधी कुणाशी वाकडं घेते?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आता मात्र हद्द झाली. दुकानातून सामान घेऊन आले तर खिडकीची अर्धी काच चळतीमागे. माझी खिडकी! विचारणं नाही, सवरणं नाही. कमरेला पदर खोचला आणि एकेक ओंडका उचलून मागच्या बाजूला टाकला. पाठीचे तीन तेरा वाजले. बाईंना रस्त्यात गाठून सरळ सांगितलं, की लाकडं नकोत असं नाही, पण ऊन अडवू नका, आजारी माणूस यायचाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, तुम्ही अजून इथली थंडी पाहिली नाहीत. जणू मी लहान मूल आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

सकाळी पडद्यांच्या मापासाठी टेप घेऊन खिडकीशी गेले. काळोख. चळत पुन्हा उभी, परवाच्यापेक्षा उंच. पुन्हा काढली. दुपारी जरा डोळा लागला तेवढ्यात पुन्हा रचली. भांडावं तरी कुणाशी? कुणी उलटून बोलतच नाही. सगळे हसतात आणि थोडंच राहिलंय म्हणतात. भिंतीवर डोकं आपटावं तर तिथेही लाकडंच.

चिडून वसाहतभर फेरी मारली. इतके दिवस दुरूनच पाहत होते, म्हणून लक्षात आलं नाही. सगळ्याच घरांना चारी बाजूंनी जमिनीपासून वळचणीपर्यंत चळत. वर फक्त धुराडी, आणि सगळ्या धुराड्यांतून धूर. मधवाल्यांना विचारलं, बायको दिसल्या नाहीत? घरात आहे, उबेत आहे, असं ते म्हणाले. बाईंना त्यांच्या यजमानांबद्दल विचारलं. घरात आहेत, उबेत आहेत. चळत रचायला येणाऱ्या सुताराला त्याच्या आईबद्दल विचारलं. तीही घरात, उबेत. प्रत्येकाचं कुणीतरी एक घरात, आणि दुसरं बाहेर, ठणठणीत, गालांवर लाली असलेलं.

मधवाल्यांच्या घराभोवती दोनदा फिरले. दार सापडलं नाही. ते स्वतः मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नये.

मधवाले मधमाश्यांच्या पेट्यांकडे गेलेले पाहिले आणि मी त्यांच्या चळतीतला एक ओंडका ओढून काढला. भोकातून उबदार हवा आली. आत कोण आहे, म्हणून हाक मारली. तर आतून, अगदी जवळून, कुणीतरी शेजारचा ओंडका सरकवला आणि भोक बुजवलं. घाईने नाही. घरातली बाई उघडी राहिलेली कडी घालते ना, तसं.

वळणावर पळत गेले, ह्यांना सांगितलं येऊ नका. हे हसायला लागले. झालं का भांडण, म्हणाले. बाईंचा ह्यांना रोज फोन येतो म्हणे, किती आपुलकीने बोलतात. नंबर मीच दिला होता पहिल्या दिवशी, अडीअडचणीला असावा म्हणून. मी ओरडले, रडले. तू दमली आहेस, मी येतो, मग बघू, म्हणाले. ह्या माणसाला जगात सगळेच चांगले दिसतात, फक्त बायको कटकटी!

बस गुरुवारी सकाळी आहे. घर गेलं खड्ड्यात. जन्मभराची शिलाई घातली आहे ह्यात, तीही गेली खड्ड्यात. बॅग भरली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

दार उघडत नाही.

काल भरदिवसा रचलं सगळ्यांनी मिळून. मी आतून शिव्या देत होते, बाहेर गप्पा चालल्या होत्या. रात्री तरी ढकलून बाहेर पडू, असं वाटलं होतं. खांदा लावला. चळत हलत नाही.

बस गेली. हॉर्न ऐकला मी.

मागची बाजूही बंद. मीच तिथे टाकलेले ओंडके, तेही नीट रचले आहेत.

चुलीत कालपासून काही घातलेलं नाही. तरी पेटलेली आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

खिडकी आत उघडते. एक ओंडका आत ओढला, त्याच्या जागी दुसरा सरकला. तो ओढला. तिसरा. खोलीभर लाकडं झाली, खिडकीत तेवढीच. हाताला कोमट लागतात, नुकतीच कुणी उराशी धरल्यासारखी.

वर कोपऱ्यात एक फट ठेवली आहे. हातभर. बाईंनी तिथून सांगितलं, शेवटचं लाकूड घरच्या माणसाने लावायचं असतं. उद्या येतायत ना, म्हणाल्या.

मी म्हटलं, त्यांना हात लावलात तर— त्या म्हणाल्या, अहो, त्यांना काय होणार? त्यांची तर छाती मोकळी होईल. तुम्ही त्यासाठीच आलात ना?

घसा बसलाय.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आले. आवाज आला. सगळ्यांशी हसतायत, नमस्कार करतायत. पलंगावर उभी राहून फटीतून बघते आहे. स्वेटर घातलेला नाही. इतकं सांगून—

मी ओरडले. ह्यांनी मान वर केली, हात हलवला. बाई काहीतरी सांगतायत. हे माना डोलावतायत. नाही म्हणा. जन्मात एकदा तरी नाही म्हणा.

ओंडका उचलला. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलंय. शिडीला हात घातला. थांबत नाहीत. तीन पायऱ्या चढले की बसणारा हा माणूस—

तोंड अगदी फटीशी आलं. गालांवर लाली. मी म्हटलं, मला बाहेर काढा. हे म्हणाले, ऐक, आधी हे ऐक, आणि लांब श्वास घेतला. शिट्टी नाही. अजिबात नाही. लग्नात होता तसा श्वास. डोळ्यांत पाणी होतं ह्यांच्या. मला विचारलं, उबेत आहेस ना?

ह्यासाठीच तर आले होते मी. ह्याच खिडकीसाठी.

बोटं धरली मी. ह्यांनी हळूच सोडवून घेतली. खाली कुणीतरी बायकोबद्दल विचारलं, हे सांगतायत— आमची ही घरात आहे, उबेत—

लाकूड लावलं.

तिरकं. एवढं सोपं काम, तेही तिरकं. खालच्या बाजूने रेघभर उजेड येतोय. तेवढ्या उजेडात लिहिते आहे. ह्यांना कधी एक गोष्ट सरळ— आता रोज डोळ्यांपुढे हेच तिरकं. जरासं आतून ढकललं तर बसेल नीट. जरासंच. हात पोचतोय. हे असं—