कपाळावरचं कर्ज

घिवली, नारळी पुनवेनंतरचा मंगळवार, १९९१

आज नातीची सटी, जन्मून सहावा दिवस. घरभर बाया, गाणी, हसणं. पाय दुखले तरी बसावंसं वाटलं नाय. सटवाई येऊन पोरीचं नशीब लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद नि पेन ठेवलं. तेवढ्यात जावई पेपर घेऊन आला. बोईसरला कारखान्यात जातो, रोज काहीतरी वाचून दाखवतो. म्हणाला, "आई, आज जन्मलेल्या पोराच्या डोक्यावरपण सरकारचं कर्ज हाय."

मी भडकले. "तिच्या डोक्यावर धड केस नाय, कर्ज कुठनं आलं? मी काय सही केली?"

"मत दिलंत ना?"

"मत दिलं, कमरेची पैशाची पिशवी नाय दिली!" बाया खोखो हसल्या.

पण मनातनं जाईना. खाल्लं कोणी? पोरीने तर नुसतं दूध प्यायलंय. तिची नाळ मात्र सरकारी दवाखान्यात कापली. लेक दिवसभर अडली होती, मी बाहेर नवस बोलत होते. दोघी जिवंत घरी आल्या, कोणी पैसा मागितला नाय. ते फुकट कसं म्हणू? सरकारने कुठनंतरी उसनं आणलंच असेल. पण हात मी जोडले होते, पोरीने नाय.

दिवा लावताना सटवाईला स्पष्ट सांगितलं, "बाई, हिच्या कपाळी चांगलंच लिही. कर्जबिर्ज माझ्या नावावर मांड. मी अजून मासळीची भरली टोपली डोक्यावर घेते."

जावई म्हणाला, "आई, असं चालत नाय."

म्हटलं, "तुमी गप बसा नि बर्फी वाटा. मुलगी झालीय!"